लोखंडावरचा कित्ता

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की ताडोब्याचे वाघ आणि आलापल्लीचा साग आठवतो. पण या दोन जिल्ह्यांत लोखंडाचा कारभारही लहान नाही. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथं सिमेंटचे कारखाने आहेत आणि बल्लारपूरला कागदाचा. आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला लोहखनिजाची खाण चालते, तर चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला लोखंडाचा प्रकल्प आहे. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा या धानपट्ट्यात भातगिरण्या आहेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत, चिखलणीची लोखंडी चाकं आहेत. यातलं काही ना काही रोज तुटतं, झिजतं किंवा नव्यानं बनवावं लागतं. त्यामुळे रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानाला काम कमी पडत नाही.

काम भरपूर असण्याचा एक तोटा शिकाऊ मुलांना सोसावा लागतो. दुकानात हेल्पर म्हणून लागलेल्याच्या हातात पहिल्यांदा होल्डर येतो तो गिऱ्हाइकाच्या गेटवर किंवा खिडकीच्या ग्रिलवर. वरून टाका दिसला, दोन पट्ट्या एकमेकींना धरून राहिल्या, म्हणजे वेल्डिंग आलं असा समज होतो. खरं शिक्षण त्याच्या आधीच्या पायरीवर असतं. सपाट प्लेटवर, काहीही न जोडता, सरळ रेघेत रॉड जाळत जायचं. वितळून थिजलेल्या धातूच्या या रेघेला कारखान्यात बीड म्हणतात. अक्षराला वळण यावं म्हणून शाळेत कित्ता गिरवतात, तसा हा लोखंडावरचा कित्ता. तो का गिरवायचा आणि गिरवलेला कसा वाचायचा, ते पाहू.

रॉडच्या टोकाशी काय घडतं

आर्क वेल्डिंगमध्ये मशीनची एक केबल रॉड धरलेल्या होल्डरला आणि दुसरी लोखंडाच्या जॉबला जोडलेली असते. रॉडचं टोक जॉबला टेकवून किंचित उचललं की मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून वीज वाहू लागते. तीच आर्क. आर्क चालू असताना तिच्यावरचा दाब वीस-पंचवीस व्होल्ट एवढाच असतो, पण प्रवाह शंभर अँपिअरच्या वर जातो. तापमान पाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतं. पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून आर्कखाली क्षणात धातूचं छोटं डबकं तयार होतं. रॉडची आतली तार वितळून थेंबाथेंबानं त्यात मिसळते.

नुसती तार वापरून आर्क पेटवता येते, पण तिचा सांधा ठिसूळ होतो. तापलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं. रशियाच्या निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये धातूचाच रॉड वितळवून वेल्डिंग करून दाखवलं, तेव्हा ही अडचण होतीच. तिच्यावर टिकाऊ उपाय सापडला तो स्वीडनमध्ये. जहाजांच्या बॉयलरची दुरुस्ती करणारे ओस्कार शेलबर्ग यांनी तारेला खनिजांच्या लगद्याचा लेप दिला आणि १९०४ मध्ये ‘ईसाब’ ही कंपनी काढली. रॉडवरचा राखाडी लेप हा त्याच कल्पनेचा वारसा.

हा लेप एका वेळी तीन-चार कामं करतो. जळताना त्यातून निघणारा वायू हवेला दूर ठेवतो. काही घटक आर्क स्थिर ठेवतात. उरलेला भाग वितळून धातूवर तरंगतो आणि काचेसारखा कडक होतो, तो स्लॅग. थंड होणाऱ्या धातूवर तो पांघरूण घालतो. लेपात मिसळलेलं फेरोमँगनीज वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन पकडून स्लॅगमध्ये पाठवतं. फेरोमँगनीज बनवणारा एक मोठा सरकारी कारखाना चंद्रपुरातच आहे. पूर्वीचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट, २०११ मध्ये तो ‘सेल’मध्ये विलीन झाला.

लेपामागची युक्ती गावच्या लोहाराला फार पूर्वीपासून ठाऊक होती. लोखंडाचे दोन तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवून ऐरणीवर ठोकून जोडताना तो त्यांवर बारीक वाळू टाकतो. वाळू आणि लोखंडावरची खपली मिळून पातळ मळी होते आणि घणाच्या घावाबरोबर बाहेर फेकली जाते, म्हणून स्वच्छ धातू धातूला भिडतो. लोहारकीची ही परंपरा इथं जुनी आहे. लोहारा इथल्या खनिजाची कीर्ती एवढी होती, की १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ यांनी चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोखंडावर लिहिलेला अहवाल वाचून जमशेटजी टाटांनी इथं कारखाना काढता येतो का याची चाचपणी केली. वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळायला उपयोगी ठरला नाही आणि तो बेत मागे पडला.

सरावाची मांडणी

सरावासाठी महागडं काही लागत नाही. भंगारातली सहा ते दहा मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी किंवा थोडी मोठी प्लेट पुरे. पातळ पत्रा किंवा चौकोनी पाइप घेऊ नये, तो लगेच जळून भोक पडतं आणि चूक हाताची की पत्र्याची हे कळत नाही. प्लेटवरचा गंज, रंग, ग्रीस वायर ब्रशनं किंवा ग्राइंडरनं काढून टाकावं. मग खडूनं किंवा सेंटर पंचनं वीस-वीस मिलिमीटरवर समांतर रेघा आखाव्यात. रेघ आखलेली नसेल तर हात वाकडा गेलेला कळतच नाही.

रॉड सर्वसाधारण कामाचा, ई ६०१३ वर्गाचा घ्यावा. या आकड्याला अर्थ आहे. पहिले दोन अंक ताकद सांगतात, दर चौरस इंचाला साठ हजार पौंड, म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे बेचाळीस किलो. त्यापुढचा एक म्हणजे रॉड सपाट, उभ्या, डोक्यावरच्या अशा सर्व स्थितींत चालतो. शेवटचा तीन लेपाचा प्रकार सांगतो. यात रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाचा भर असतो, त्यामुळे आर्क सहज पेटते, मऊ चालते आणि स्लॅग सुटून येतो. नवख्यासाठी हाच रॉड बरा. दुकानात ज्याला दहा नंबर म्हणतात तो ३.१५ मिलिमीटरचा, बारा नंबर २.५ चा आणि आठ नंबर ४ मिलिमीटरचा. सरावाला दहा नंबर घ्यावा आणि करंट ११० अँपिअरच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. पाकिटावर करंटची मर्यादा छापलेली असते, ती वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

तरीही आर्क नीट चालत नसेल तर हाताला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जॉबला लावलेली क्लँप. ती गंजलेल्या जागी लावली असेल तर आर्क लपलपते. क्लँप जॉबच्याच घासलेल्या भागावर हवी. पाण्याच्या पाइपाला किंवा इमारतीच्या सळईला ती अडकवू नये, कारण मग करंट भलत्याच वाटेनं परत फिरतो. मशीनच्या पेटीला लागणारी सुरक्षेची अर्थिंग ही वेगळी बाब, तीही असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट विजेचा दाब. फीडरच्या टोकाला असलेल्या गावात कृषिपंप सुरू झाले की दाब उतरतो, त्यात लांब आणि बारीक केबल असेल तर आणखी उतरतो. मशीनचा काटा ११० दाखवतो, रॉडला मात्र तेवढं मिळत नाही. शिवाय मशीन सलग किती मिनिटं चालवता येईल, याचा तिच्यावर छापलेला आकडा साधारणपणे ४० अंश तापमान धरून काढलेला असतो. इथला मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा उन्हाळ्यात मशीनला विसावा जास्त द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट ओल. गडचिरोलीच्या पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट दोन दिवसांत ओल धरतं. ओल्या रॉडची आर्क फुत्कारते आणि बीडमध्ये छिद्रं पडतात. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ई ६०१३ ला ओल लागली तर शंभर अंशांच्या थोडं वर तासभर सुकवून चालतं. जाड, जबाबदारीच्या कामाला वापरतात त्या ई ७०१८ सारख्या लो हायड्रोजन रॉडला मात्र ३०० ते ३५० अंशांची ओव्हन लागते. चंद्रपूरचं ऊनही तिथं पुरत नाही.

रेघ ओढताना

बसण्यापासून सुरुवात करावी. कोपराला किंवा मनगटाला आधार हवा आणि होल्डरच्या केबलचा भार हातावर येऊ नये म्हणून ती खांद्यावरून किंवा मांडीवरून घ्यावी. रॉड प्लेटवर हलका घासून आर्क पेटवावी. पहिल्या दिवशी रॉड हमखास चिकटतो. तेव्हा होल्डर झटक्यानं फिरवून रॉड सोडवावा, नाही सुटला तर होल्डरचा जबडा दाबून रॉड मोकळा करावा. चिकटलेला रॉड तसाच राहिला तर काही सेकंदांत लालबुंद होतो आणि लेप तडकून तो वाया जातो.

आर्क पेटली की चार गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. करंट मशीनवर ठरलेला असतो. उरलेल्या तीन हातात असतात: आर्कची लांबी, पुढे सरकण्याचा वेग आणि रॉडचा कोन. लांबी साधारण रॉडच्या तारेच्या जाडीएवढी, म्हणजे तीन मिलिमीटर. कोन प्लेटशी सत्तर ते ऐंशी अंश. रॉडचं होल्डरकडचं टोक ज्या दिशेनं जायचं तिकडे थोडं कललेलं असावं, म्हणजे आर्कचा झोत मागे डबक्यावर पडतो आणि स्लॅग पुढे धावत नाही.

नवख्याची खरी गल्लत इथं होते. रॉड सतत जळून आखूड होत असतो. हात नुसता पुढे सरकवला तर आर्क लांबत जाते आणि विझते. म्हणून हात एकाच वेळी दोन दिशांनी चालवावा लागतो, पुढे आणि खाली. पुढची चाल धिमी, खालची त्याहून जलद. हे सांगून येत नाही, रॉड जाळूनच येतं.

नजर कुठं ठेवायची हेही शिकावं लागतं. आर्कच्या लखलखाटाकडे पाहून काही कळत नाही. तिच्या मागच्या डबक्याकडे पाहावं. काळ्या काचेतून पातळ, चकचकीत धातू आणि त्यावर मागून येणारा घट्ट स्लॅग हे दोन वेगळे दिसू लागले, की निम्मं वेल्डिंग आलं. डबक्याची रुंदी रॉडच्या जाडीच्या अडीच ते तीन पट राहील, अशा बेतानं पुढे जावं. कानही कामाला येतो. आर्क बरोबर असेल तेव्हा सलग, एकसारखी तडतड ऐकू येते. लांबली की आवाज फुसफुसतो, करंट कमी असला की अडखळतो.

रेघ संपताना हात एकदम उचलला तर शेवटी खळगा राहतो आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. शेवटी क्षणभर थांबून, किंचित मागे येऊन खळगा भरावा. नव्या रॉडनं रेघ पुढे चालू करताना आधी खळग्यावरचा स्लॅग ठोकून साफ करावा. मग खळग्याच्या सेंटिमीटरभर पुढे आर्क पेटवून मागे खळग्यापर्यंत यावं आणि तिथून पुढे निघावं. जोड कुठं आहे हे ओळखू आलं नाही, तर तो जमला.

गिरवलेलं वाचताना

रेघ थंड झाली की चिपिंग हॅमरनं स्लॅग काढून, ब्रश मारून ती नीट पाहावी. घाईतला शिकाऊ इथंच चुकतो. एक रेघ झाली की दुसरी सुरू करतो, पहिलीनं काय सांगितलं ते पाहतच नाही.

करंट कमी असेल तर बीड दोरखंडासारखी उंच, प्लेटवर नुसती ठेवल्यासारखी दिसते. कडेला स्लॅग अडकून बसतो. हा दोष सर्वांत फसवा, कारण धातू भरपूर दिसतो पण खालच्या प्लेटमध्ये शिरलेला नसतो. करंट जास्त असेल तर बीड चपटी होते, आजूबाजूला ठिणग्यांचे थेंब चिकटतात, कडेनं प्लेट खाल्ल्यासारखी खाच पडते. या खाचेला अंडरकट म्हणतात. अर्धा जळताच रॉड लाल होऊ लागला, तर करंट नक्कीच जास्त आहे.

आर्क लांब धरली तर रुंदी कमीजास्त होते, थेंब दूरवर उडतात आणि बारीक छिद्रं दिसतात. वेग जास्त झाला तर रेघ बारीक होते आणि तिच्या वळ्या टोकदार होतात. वेग कमी पडला तर धातूचा ढीग साचतो. चांगल्या बीडच्या वळ्या गोलसर, सारख्या अंतराच्या असतात, उंची बेताची असते आणि दोन्ही कडा प्लेटमध्ये सहज मिसळलेल्या असतात.

हे पटकन शिकायचं असेल तर मुद्दाम चुकावं. एकाच प्लेटवर ८० अँपिअरला एक रेघ, ११० ला एक आणि १४० ला एक ओढावी. मग करंट तोच ठेवून एक लांब आर्कची, एक घाईची, एक रेंगाळलेली ओढावी. प्रत्येकीच्या कडेला खडूनं काय केलं ते लिहावं आणि प्लेट भिंतीला टांगून ठेवावी. उद्या गिऱ्हाइकाच्या कामात बीड बिघडली, तर कारण त्या प्लेटवर सापडतं.

रेघेकडून सांध्याकडे

सुट्या रेघा सरळ आल्या, की त्या एकीला खेटून एक ओढायच्या. प्रत्येक नवी बीड आधीच्या बीडचा तिसरा हिस्सा तरी झाकते. एक थर भरला की त्यावर आडवा दुसरा. असा चौकोनी थर करून तो हॅकसॉनं मधोमध कापावा आणि कानशीनं गुळगुळीत करावा. कापात काळे ठिपके दिसले, तर ती आत राहिलेली छिद्रं आणि स्लॅग.

इथं सरावाचं काम खऱ्या कामाला भिडतं. खाणीतल्या शॉवेलचे दात, सिमेंट कारखान्यातल्या क्रशरचे हातोडे, नांगराचे फाळ झिजले की त्यांच्यावर कठीण धातूच्या बीडचे असेच थर चढवतात. त्याला हार्डफेसिंग म्हणतात. या कामात दोन तुकडे जोडायचे नसतात, बीड हेच काम असतं.

त्यानंतर सांधा. दोन पट्ट्या इंग्रजी टी अक्षरासारख्या उभ्या-आडव्या धरून एकाच बाजूनं वेल्ड कराव्यात आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोड्यानं ठोकून पाडावी. वेल्ड वाकून फाटला आणि आतला धातू सलग, एकसारखा दिसला तर उत्तम. तो मुळापासून साफ सुटून आला, तर धातू पट्टीत शिरलाच नव्हता. वरून देखणा दिसणारा टाका या एका ठोक्यात उघडा पडतो.

या वाटेच्या शेवटी बॉयलरच्या नळ्या जोडणारा वेल्डर उभा असतो. भारतीय बॉयलर विनियम, १९५० प्रमाणे परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतल्याशिवाय त्याला त्या नळ्यांना हात लावता येत नाही. वीजकेंद्रात अशी एक नळी गळली तरी ५०० मेगावॅटचा संच बंद करावा लागतो. तिथं पोचणाऱ्यानंही सुरुवात सपाट प्लेटवरच्या रेघेनंच केलेली असते. आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आठवी उत्तीर्ण झालेल्यांना प्रवेश मिळतो आणि त्यातही हा सराव सुरुवातीलाच येतो.

डोळा, धूर, झटका आणि वणवा

आर्कमधून अतिनील किरण निघतात. उघड्या डोळ्यांनी काही क्षण पाहिलं तरी डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा भाजतो. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागतं. बटाट्याच्या चकत्या ठेवून भाजलेला पडदा बरा होत नाही. साधारण एक-दोन दिवसांत तो आपोआप भरून येतो, पण वेदना असेल तर डॉक्टरांना दाखवावं. दहा नंबरच्या रॉडला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. गॉगल चालत नाही. शेजारी उभ्या हेल्परलाही हाच नियम.

किरणांनी कातडीही भाजते, म्हणून उन्हाळा कितीही असला तरी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, चामड्याचे हातमोजे आणि बूट हवेत. नायलॉनचा शर्ट ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. त्यावर दूध-गूळ हा उपाय नव्हे. मुलामा आधी घासून काढावा आणि मोकळ्या हवेत, वाऱ्याची दिशा पाहून बसावं.

आर्क नसताना मशीन सत्तर-ऐंशी व्होल्टपर्यंत दाब देऊ शकते. कोरड्या हाताला ते फारसं जाणवत नाही, घामानं भिजलेल्या मोज्याला किंवा पावसात ओल्या जमिनीवर बसलेल्याला मात्र जीवघेणं ठरू शकतं. रॉड बदलताना कोरडा मोजा हवाच, आणि बसायला कोरडी फळी.

आणि इथला खास धोका, वणव्याचा. फेब्रुवारीपासून सागाचा पाचोळा जमिनीवर पसरलेला असतो. वेल्डिंगची ठिणगी दहा मीटरपर्यंत जाऊ शकते, ग्राइंडरचीही. जंगलाला लागून असलेल्या शेतात कुंपणाचं किंवा ट्रॅक्टरचं काम करताना भोवतालचा पाचोळा झाडून घ्यावा, पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नये.

दोन किलोंचा हिशेब

दहा नंबरच्या एका किलोत तीस ते पस्तीस रॉड येतात आणि एक रॉड जळायला मिनिटाच्या थोडं वर लागतं. म्हणजे दोन किलो रॉड जाळूनही प्रत्यक्ष आर्कखालचा वेळ भरतो तो जेमतेम सव्वा तास. एवढाही सराव न करता मुलांच्या हाती गिऱ्हाइकाची ट्रॉली सोपवली जाते. ती ट्रॉली धानाची पोती भरून, वर माणसं बसवून रस्त्यानं धावणार असते.

दुकानदारांनी नव्या मुलाला पहिल्या महिन्यात दोन किलो रॉड आणि भंगारातली एक प्लेट द्यावी, तो खर्च एका फाटलेल्या सांध्यापेक्षा कमीच पडेल. शिकणाऱ्यांनी त्या प्लेटवरच्या रेघा रोज पाहाव्यात. आणि गिऱ्हाइकांनी नवं काम घेताना टाक्यावर रंग मारण्याआधी तो एकदा दाखवायला सांगावा.